कडीवरचा पंचा

१

आमच्या घरात मी असतो तेव्हा बहुतेक झोपलेला असतो. चाकणला एका छोट्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. पत्र्याचे पार्ट हातात घ्यायचे, कडेवरून बोट फिरवायचं आणि खोट लागली की बाजूला काढायचं. शिफ्ट म्हणायला फिरती, पण माणूस कमी पडला की रात्रीची थर्ड शिफ्ट माझ्या, ज्योतीरामच्याच गळ्यात. सकाळी कंपनीची बस चऱ्होलीत सोडते, मी जिने चढून वर येतो, चहा पितो आणि आतल्या खोलीत जाऊन आडवा होतो.

दिवसा झोपणाऱ्याचं घर कसं चालतं, हे ज्यांच्या घरी थर्ड शिफ्ट आहे त्यांनाच कळतं. आतल्या खोलीच्या खिडकीला आम्ही वर्तमानपत्रं चिकटवली होती आणि वर जाड पडदा. बेलची वायर काढून ठेवलेली. कुकरची शिट्टी नको म्हणून स्वप्नाली, माझी बायको, भात पातेल्यात शिजवायची. ती घरी ब्लाउज शिवते. मी झोपलेला असलो की मशीन बंद, नुसती हातशिलाई. आणि सगळ्या घराला कळावं म्हणून एक खूण होती: मी तोंड धुऊन पुसायचो तो पंचा उभा दुमडून खोलीच्या कडीवर टाकायचो. कडीवर पंचा म्हणजे बाबा झोपलेत. मग ते दार कुणी उघडायचं नाही.

आमची साक्षी या पंच्याच्या धाकातच मोठी झाली. दुसरीतली पोर, पण आवाज न करता हसायची. पडली, गुडघा फुटला, तरी तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी काढून रडायची आणि घशातून हूं की चूं नाही. शेजारच्या शालनबाई म्हणायच्या, ‘‘लई गुणाची पोरगी हाय बघा.’’ मलाही बरं वाटायचं. लहान असताना ती दुपारी माझ्या कुशीत येऊन झोपायला बघायची, पण तिच्या चुळबुळीनं माझी झोप मोडायची आणि कंपनीत प्रेसजवळ डुलकी लागायची. तिथं डुलकी म्हणजे बोटं गेलीच. म्हणून दुपारी बाबांजवळ झोपायचं नाही, असा नियम केला. एकदा सांगितलं, तिनं पाळला.

२

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि घरात ढेकूण झाले. आधी स्वप्नालीच्या दंडावर गांधी उठल्या, एका रांगेत. तिला वाटलं, घामोळं. मग माझ्या पाठीवर रांग, मग साक्षीच्या मानेवर. गादीची शिवण उलटी केली तर तिथं सगळं कुटुंबच बसलेलं, बारशाच्या बाळापासून पणजोबांपर्यंत.

बसमधून आले असणार. आमच्या कंपनीच्या बसच्या सीटा दाबल्या की भुरभुर पळताना दिसतात. पण स्वप्नालीला कारणाशी कर्तव्य नव्हतं, तिला लाज वाटत होती. घरात ढेकूण आहेत हे सांगणं म्हणजे आम्ही घाण राहतो हे सांगणं. ती गादी गच्चीवर न्यायची तीही साड्या वाळत घातल्यात असं दाखवून, साड्यांच्या आडोशाला. पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. कडुनिंब झाला, डांबरगोळ्या झाल्या, गल्लीत मिळते ती पांढरी पावडर झाली. ढेकूण चिरडला की येणारा तो उग्र वास उशीला, कपड्यांना, माझ्या डब्याच्या पिशवीलाही येऊ लागला. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात, पण इथं दोन्ही बरोबरीनं नांदत होते.

शेवटी थेरगावहून नवनाथ नावाच्या फवारणीवाल्याला बोलावलं. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, बोलायला मोकळा.

‘‘भाऊ, सगळे आतल्या खोलीतच आहेत. हॉल साफ आहे,’’ तो म्हणाला. ‘‘औषध मारतो. खोली बंद करून टाका. दुसऱ्या डोसपर्यंत आत कुणी झोपायचं नाही. माणूसच मिळाला नाही तर खातील काय?’’

नेमकी मला तेव्हा फर्स्ट शिफ्ट लागली होती. आम्ही तिघं हॉलमध्ये चटई टाकून झोपू लागलो. आतल्या खोलीचं दार लावून मी चारी कडांना खाकी टेप मारली. बोटानं दाबून, कुठंही फुगा न ठेवता. कामच ते माझं.

३

फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी यायचं हे मला अंगवळणी नव्हतं. जिना चढताना बाकीच्या घरांतून टीव्ही, मिक्सर, भांडणं ऐकू यायची. आमच्या मजल्यावर आलो की काहीच नाही. पहिल्या दिवशी लक्षात आलं नाही. नंतर आलं. मी झोपलेला नसताना मशीन चालू असायला हवं होतं.

दार ढकललं. स्वप्नाली भिंतीला टेकून हातशिलाई करत होती. गॅसवर पातेल्यात भात रटरटत होता. साक्षी फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

‘‘काय गं, लाइट गेलीय का?’’ मी विचारलं.

साक्षीनं ओठांवर बोट ठेवलं. ‘‘हळू. बाबा झोपलेत.’’

मी हसलो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग त्या बंद दाराकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. आणि मग तीही हसली, तिचं ते बिनआवाजी हसू.

‘‘सवय झालीय हो,’’ स्वप्नाली पुटपुटली. पण बोलली तीही दबक्या आवाजातच.

कडीवर पंचा होता. उभा दुमडलेला, मी टाकतो तसा. मी तो काढून दोरीवर टाकायला गेलो तर हाताला ओलसर लागला. सकाळी मीच तोंड पुसून सवयीनं टाकला असेल असं म्हटलं आणि सोडून दिलं. उन्हाळ्यात पंचा दुपारपर्यंत ओला राहत नाही, हे मला रात्री आठवलं.

दुसऱ्या दिवशी पंचा परत कडीवर होता. तिसऱ्या दिवशी मी स्वप्नालीला विचारलं. ती म्हणाली, ‘‘तुम्हीच टाकला असेल. मी कशाला टाकू?’’ तिच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, होता तो थकवा होता.

एक गोष्ट मात्र चांगली झाली होती. मला आणि तिला चावणं थांबलं होतं. साक्षीच्या हातावर तेवढी रोज नवी रांग दिसायची.

४

दुसऱ्या डोसला नवनाथ आला तेव्हा मी घरीच होतो. टेप काढायला नख लावलं आणि ती सहज सुटली. चिकट बाजूला धुळीचे, कापडाचे तंतू बसलेले. एकदा लावलेल्या टेपला असे तंतू लागत नाहीत. पुन्हा पुन्हा काढून लावलेल्या टेपला लागतात.

आत गुदमरलेला वास होता. औषधाचा थोडा आणि झोपलेल्या माणसाचा जास्त. नवनाथनं गादीची शिवण उलटली, टॉर्च मारला आणि जवळ वाकला. उपाशी ढेकूण कागदाच्या कपट्यासारखा चपटा असतो, हे एव्हाना मलाही कळत होतं. हे फुगलेले होते, चालताना पोट ओढत होते. नवनाथनं एक टॉर्चच्या टोकानं दाबला. लालभडक डाग पडला.

‘‘भाऊ, खोली बंद होती ना?’’

‘‘टेप मारली होती.’’

‘‘मग हे जेवले कुठं?’’

मी म्हटलं, भिंतीतून शालनबाईंकडे जात असतील. त्यानं मान हलवली, पण फवारताना तो दाराकडे पाठ करत नव्हता. काम लवकर उरकून निघून गेला. मी गादीवर हात ठेवून पाहिला. मधोमध खळगा होता आणि खळगा कोमट होता. पश्चिमेची भिंत आहे, तापते, असं मी स्वतःला सांगितलं. पण भिंतीकडची बाजू गार होती.

आमच्याकडे पार्ट खराब निघाला की पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी बसमध्ये बसून तेच करत राहिलो. ढेकूण फुगलेले का? कुणीतरी आत झोपतं म्हणून. टेप सुटलेली का? कुणीतरी आत जातं म्हणून. स्वप्नाली दबक्या आवाजात का बोलते? तिसऱ्या ‘का’ला जे उत्तर आलं त्यानं माझं डोकं फिरलं. मी दिवसभर घरी नसतो. बायको घरी असते. खिडकीला कागद आहेत.

मला तिच्याबद्दल असं वाटलं याची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर, ते तसं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

५

त्याच दिवशी मी पोट दुखतंय म्हणून सुपरवायझरला सांगितलं आणि शिफ्ट अर्धी टाकून निघालो. जिन्यात शालनबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

‘‘आज लौकर उठलासा?’’ त्या म्हणाल्या.

‘‘मी कामावरून येतोय, मावशी.’’

‘‘काय बी काय. आत्ता तर भिंतीतनं घोरनं ऐकू येत व्हतं तुमचं. रोजच येतंय. बरं वाटतं बगा, घरात बाप्या मानूस हाय म्हनून.’’

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. आमच्या मजल्यावर तीच शांतता होती. दार लोटलेलंच होतं. स्वप्नाली सुई-दोरा घेऊन बसली होती. मला बघून तिच्या हातातली सुई थांबली.

‘‘आत कोण आहे?’’ मी विचारलं.

‘‘तुम्ही,’’ ती म्हणाली. पटकन, विचार न करता, रोज सांगते तसं. मग माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं तोंडावर हात नेला.

‘‘साक्षी कुठाय?’’

‘‘आत,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्याजवळ झोपलीय.’’

कडीवर पंचा होता. मी तो बाजूला सारला आणि दार उघडलं.

अंधाराला डोळे सरावायला वेळ लागला. आधी घोरणं ऐकलं. माणसाला स्वतःचं घोरणं कधी ऐकू येत नाही, तरी मला ते ओळखू आलं. मग पलंग दिसला. भिंतीकडे तोंड करून कुणीतरी झोपलं होतं. अंगात माझी बनियन. खांदा वर-खाली होत होता. मानेवर, दंडावर काहीतरी हलत होतं, सगळी कातडीच सावकाश सरकतेय असं. दाराच्या चौकटीवर माझा हात होता. त्या हातावरून दोन-तीन ढेकूण चालत गेले. थांबले नाहीत. माझ्या हाताशी त्यांना काही काम नव्हतं.

साक्षी त्या पाठीला गाल लावून पडली होती. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी तिला उचललं. ती फार हलकी लागली. ती त्या बनियनला धरून राहिली, मी ओढली तेव्हा बोटं सुटली आणि ती रडू लागली. तोंड उघडं, मान मागे, डोळ्यांतून धारा. आवाज नाही. मी तिला घेऊन बाहेर आलो, आणि काय केलं असेल? मागे वळून दार हळूच ओढून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून कडी हातानं धरून लावली.

६

त्याच दुपारी आम्ही थेरगावला स्वप्नालीच्या भावाकडे, समाधानकडे गेलो. ढेकूण झालेत म्हणून, एवढंच त्याला सांगितलं. त्याच्या बायकोनं आमची पिशवी गॅलरीतच ठेवायला लावली.

साक्षीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढली. अंगात रक्त नाही म्हणाल्या. हातावरच्या, पोटावरच्या रांगा पाहिल्या आणि आमच्याकडे असं बघितलं की जमीन दुभंगावी. गोळ्या दिल्या, घर स्वच्छ ठेवा म्हणून सांगितलं.

मी साक्षीला मांडीवर घेतलं. ‘‘बाळा, आत झोपायला कधीपासून जात होतीस?’’

‘‘पंचा असला की.’’

‘‘ते बाबा नाहीत. बाबा मी आहे.’’

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. ‘‘तुम्ही जागे असता ते बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘ते झोपतात ते बाबा. ते रागवत नाहीत. मी हलले तरी उठत नाहीत.’’

पोरीनं आयुष्यभर बाप म्हणून जे पाहिलं ते एक बंद दार आणि त्यामागचा श्वास. तेवढंच कुणी आणून ठेवलं, तर तिला खोट कशी दिसावी? बोट फिरवून खोट ओळखणारा मी, मलाही आधी दिसली नव्हती.

स्वप्नालीला मी बाजूला घेऊन विचारलं, तिनं कधी आत पाहिलं नाही का.

‘‘तुमची शिफ्ट कधी कुठली, हे मी केव्हाच लक्षात ठेवायचं सोडलंय,’’ ती म्हणाली. ‘‘पंचा दिसला की गप बसायचं. लग्न झाल्यापासून तेच केलं. आत बघायचं नाही, तुम्हीच सांगितलं होतं ना?’’

मी ठरवलं, ते घर सोडायचं. पलंग जाळायचा, दुसरीकडे खोली बघायची. पण त्याच संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला. एक माणूस आजारी पडला होता, थर्डला यावंच लागेल, नाहीतर येऊच नका म्हणाला. समाधान म्हणाला, ‘‘जावा भाऊजी, मी आहे ना इथं.’’ मी साक्षीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेलो. काम सोडून पोरीला वाचवता येत नाही आणि काम करूनही येत नाही, हे तेव्हा कळायला हवं होतं.

७

सकाळी थेरगावला आलो तर दोघी नव्हत्या. समाधान दात घासत बाहेर आला.

‘‘ताई उजाडताच गेली रिक्षानं. साक्षी झोपेचना ओ. नुसती तोंड उघडून रडायची, आवाज नाही काही. माझी बायको घाबरली. ताई म्हणाली, हिला घरीच झोप येते.’’

चऱ्होलीपर्यंत कसा आलो ते आठवत नाही. जिन्यात शालनबाई नव्हत्या, त्यांचं दार बंद होतं. आमच्या मजल्यावर चिडीचूप. मी दार वाजवलं, पण वाजवलं ते बोटांच्या टोकांनी.

स्वप्नालीनं दार उघडलं. तिनं मला ओळखलं. ओळखलं नसतं तर मला सोपं गेलं असतं.

‘‘हळू,’’ ती म्हणाली. ‘‘आत्ताच झोपलेत दोघं.’’

‘‘स्वप्नाली, ते मी नाही.’’

‘‘माहितीय मला.’’ तिचे डोळे सुजले होते. ‘‘पण ती तिथंच झोपते हो. काल रात्रभर तिनं डोळा लावला नाही. मी काय करू? तुम्ही होता का?’’

मी तिला बाजूला करून दाराशी गेलो. कडीवर पंचा होता, ओला. दार ढकललं. हललं नाही. आतून कडी लावलेली होती. आतली कडी वर आहे, साक्षीचा हात तिथं पोचत नाही.

मी खांदा लावला. रात्रभर उभं राहिलेलं अंग, त्यात जोर कुठला? दार करकरलं सुद्धा नाही. मग मी हाक मारायला तोंड उघडलं. मला जिना हादरेल असं ओरडायचं होतं. सगळ्या बिल्डिंगला उठवायचं होतं, शालनबाईंना, रस्त्यावरच्या लोकांना. घशातून निघालं ते कुजबुजणं होतं. ‘साक्षी,’ मी म्हणालो, जसं घरात कुणी झोपलेलं असताना म्हणतात. पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. इतक्या वर्षांत या घरात कुणीच मोठ्यानं बोललं नव्हतं, आणि मीही या घरातलाच होतो.

स्वप्नालीनं फरशीवर माझ्यासाठी चटई टाकली. मग भिंतीला टेकून बसली आणि हातशिलाई सुरू केली. तिच्या बोटांना सुई टोचत होती, रक्त येत होतं, तरी ती टाके घालत होती.

मी दाराशी आडवा झालो आणि खालच्या फटीला कान लावला. फटीतून तो वास येत होता. बाहेरच्या बाजूनं ढेकूण येत होते, माझ्या मनगटावरून चढून पलीकडे उतरत होते आणि दाराखालून आत जात होते. एकही चावला नाही.

आत घोरणं चालू होतं, गाढ, दमलेल्या माणसाचं. त्याखाली मी दुसरा श्वास शोधत होतो, लहान, हलका. बराच वेळ ऐकलं. मग श्वास रोखून ऐकलं. एकच ऐकू येत होता.

पण त्याचा काही अर्थ निघत नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. साक्षी आवाज न करता झोपते. आम्हीच तिला शिकवलंय.